चोवीस बिऱ्हाडांचं अंगण

मीनाक्षी सबनीस दुसऱ्यांचे नकाशे गिरवायची. कलकत्त्यात एस्प्लनेडजवळ एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ती ट्रेसर होती. साहेब लोकांनी पेन्सिलीने काढलेल्या रेघांवर ट्रेसिंगचं पातळ कापड पसरायचं आणि शाईने त्या जशाच्या तशा उतरवायच्या, एवढंच तिचं काम. बारा वर्षांत एक डाग पडला नव्हता. वडील याच शहरात मुलांना गणित शिकवता शिकवता गेले होते. मागे राहिल्या होत्या मीनाक्षी, तिची आई सरलाबाई आणि भवानीपूरमधली भाड्याची दीड खोली. त्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागे.

१९७० साली मीनाक्षीने धीर केला आणि शहराच्या दक्षिणेकडच्या बेहाला भागात होऊ घातलेल्या सहकारी सोसायटीची ती सभासद झाली. तीन बाजूंना इमारती, मधे अंगण, चोवीस बिऱ्हाडं. आईचे गुडघे धरलेले, म्हणून तिने तळमजल्याचं घर मागून घेतलं. योगायोग असा, की सोसायटीचं काम तिच्याच ऑफिसकडे आलं आणि आर्किटेक्ट दत्तसाहेबांनी काढलेला नकाशा गिरवायला तिच्याच टेबलावर येऊन पडला.

आपलं घर आपल्याच हाताने शाईत उतरवायचं म्हणून मीनाक्षी खुशीत बसली. पण अंगणापाशी तिचा हात थांबला. त्या जागेवर एक जुनं तळं होतं, बेहालात गल्लोगल्ली असायचं तसं. नकाशात त्यावर तिरप्या रेघा मारून 'भराव' असं लिहिलं होतं, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग सिमेंट. जमिनीच्या उंचीचे आकडे बारीक अक्षरांत होते. मीनाक्षी उतारावरून बोट फिरवत गेली, आणि बोट येऊन टेकलं ते थेट तिच्या घराच्या उंबऱ्याशी.

"साहेब, पावसाचं पाणी जाणार कुठे?" तिने विचारलं.

"गटारात," दत्तसाहेब म्हणाले.

"पावसाळ्यात बेहालातली गटारंच रस्त्यावर येतात, साहेब."

दत्तसाहेब हसले. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. "मिस सबनीस, रेघ गिरवायची असते. तिच्याशी वाद घालायचा नसतो."

मीनाक्षीने नकाशा गिरवून दिला. पण पुढच्या रविवारी ती ट्रामने बेहालात गेली. त्याच्या पुढच्या रविवारीही गेली. सुतळी, बांबूचे तुकडे आणि वडिलांची जुनी मोजपट्टी घेऊन तिने सगळी जागा मोजली. पाणी कुठे तुंबतं हे शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारलं. दक्षिणेचा वारा कुठून शिरतो ते तिने पदराचं टोक धरून पाहिलं. मग घरी स्वयंपाकाच्या फळीवर खाकी कागद पसरून तिने आयुष्यातला पहिला स्वतःचा नकाशा काढला. तळं निम्मं ठेवलं, पण खोल केलं. सगळ्या अंगणाचा उतार त्याच्याकडे वळवला. पश्चिमेच्या भिंतीला ऊन लागू नये म्हणून तिथे कडुनिंब आणि कदंब लावले, आणि दक्षिणेच्या भिंतीत वाऱ्याला वाट ठेवली. सिमेंटऐवजी विटा उभ्या बसवायच्या, मधल्या फटींत गवत.

"नोकरी जाईल हो तुझी," सरलाबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझ्यासाठी एक प्राजक्त घाल त्यात."

मीनाक्षीच्या नकाशावर मत घ्यायला सोसायटीची सभा एका शाळेच्या वर्गात भरली. सेक्रेटरी चक्रवर्तीबाबू, रेल्वेतून निवृत्त झालेले, आवाज अजून फलाटावरचा. त्यांना तळं नकोच होतं. "डास होतील! मुलं पडतील! आणि दुर्गापूजेचा मांडव काय पाण्यात घालायचा?"

मीनाक्षीला भाषण जमत नव्हतं. तिने पिशवीतून पितळेची परात काढली. परातीत तिने मूर्तिकाराकडून आणलेली चिकणमाती थापली होती. अर्धी बाजू घोटून गुळगुळीत, अर्ध्या बाजूला उतार आणि मधे खळगा. ती परात टेबलावर ठेवून तिने चहाच्या किटलीतलं पाणी दोन्हीकडे सारखं ओतलं. खळग्याच्या बाजूचं पाणी निमूट जाऊन खळग्यात बसलं. गुळगुळीत बाजूचं काठावरून उसळलं आणि थेट चक्रवर्तीबाबूंच्या धोतरावर.

मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळेच.

"मांडवाचं काय?" चक्रवर्तीबाबू धोतर झटकत ओरडले. "निमाई, तू सांग!"

निमाई मांडव घालणारा. पूजेची जागा ठरवायला त्यांनीच त्याला बोलावून आणलं होतं. त्याने डोकं खाजवलं. "बाबू, खरं सांगू? सिमेंटात बांबू रोवायचा कसा? दरवर्षी फोडा, दरवर्षी बुजवा. मला मातीच बरी."

आपल्याच साक्षीदाराने केलेला घात चक्रवर्तीबाबूंनी मोठ्या मनाने पचवला. मतं मोजली तेव्हा विरोधात दोनच हात होते, आणि त्यातला एकही त्यांचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मीनाक्षीने खाकी कागद दत्तसाहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो बराच वेळ पाहिला. "उतार बरोबर आहे," शेवटी ते म्हणाले. "तळ्याच्या पायऱ्या मात्र फार उंच. म्हाताऱ्या माणसाने उतरायचं कसं?" त्यांनी पायऱ्या दुरुस्त केल्या आणि कोपऱ्यात 'काढणार' या शब्दापुढे तिचं नाव लिहिलं.

"आणि गिरवणार कोण?" तिने विचारलं.

"मी," साहेब म्हणाले. त्यांनी खरंच गिरवलं. दोन डाग पडले.

१९७२ साली माणसं राहायला आली. लगेच नंदनवन झालं असं मात्र नाही. पहिल्या वर्षी झाडं गुडघ्याएवढीच होती, तळ्यावर जलपर्णी माजली आणि डास तर असे, की लोक त्यांना 'मीनाक्षीदीचे पाळीव' म्हणू लागले. ती हसण्यावारी न्यायची आणि घरात येऊन दार लावून घ्यायची. चक्रवर्तीबाबूच एके दिवशी बरणीभर गप्पी मासे घेऊन आले. "डासांची अंडी खातात हे," म्हणाले आणि धोतर खोचून स्वतः पायऱ्या उतरले. मग त्यांनी जलपर्णी काढायच्या पाळ्या लावल्या, रेल्वेच्या वेळापत्रकासारख्या, आणि कुणाची पाळी चुकली की त्याच्या दारात उभं राहून नाव पुकारू लागले.

झाडं वाढली. उन्हाळ्यात संध्याकाळी वीज गेली, आणि त्या काळात ती रोजच जायची, की चोवीसही घरं हातपंखे घेऊन खाली यायची. दक्षिणेच्या वाटेने वारा शिरायचा, पाण्यावरून गार होत यायचा आणि मग पंखे मांडीवरच राहायचे. सरलाबाईंची बंगाली याच अंगणात सुधारली. वरच्या मजल्यावरच्या माशीमांना, म्हणजे साऱ्या सोसायटीच्या मावशींना, त्यांनी पुरणपोळी शिकवली आणि त्यांच्याकडून मोचाची, म्हणजे केळफुलाची भाजी शिकून घेतली.

मग १९७८चा सप्टेंबर आला. पूजा तोंडावर असताना पाऊस दिवसचे दिवस कोसळत राहिला आणि शहर बुडालं. तळं भरलं, काठ ओलांडून अंगणात पसरलं आणि पायरी पायरीने मीनाक्षीच्या दाराकडे निघालं. ती उंबऱ्यावर बसून दारापुढच्या पायऱ्या मोजत होती. तीनपैकी एक बुडाली. दुसरी बुडाली. तिसरीवर पाणी थांबलं.

"मीनू!" मागच्या ओसरीतून आईची हाक आली. "अगं, पाहुणा आलाय!"

पाण्याबाहेरही सरपटणारा एक 'कोई' मासा कल्ल्यांवर रेटत रेटत ओसरीत चढला होता. शाकाहारी सरलाबाई त्याला केरसुणीने, अगदी अदबीने, परत पाण्याकडे ढकलत होत्या. माशीमा धापा टाकत खाली आल्या. "थांबा, थांबा! देवाने घरपोच पाठवलेला मासा परत पाठवतात का?" त्यांनी तो पदरात घेतला. भर पुरात दोघी म्हाताऱ्या हसत सुटल्या आणि मीनाक्षीलाही हसू फुटलं.

शेजारच्या गल्लीतली सात कुटुंबं वरच्या गच्चीत आली. एका मोठ्या पातेल्यात सगळ्यांची खिचडी शिजली. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी अंगणातलं पाणी ओसरलं. मोठ्या रस्त्यावर मात्र कितीतरी दिवस पाणी होतं. अंगण कोरडं पाहून लोक येऊन विचारू लागले, की हे केलं कुणी?

त्याच हिवाळ्यात बजबजहून एक पत्र आलं. तिथल्या कारकुनांच्या वसाहतीत दर पावसाळ्यात चुली बुडत. रविवारी मीनाक्षी सियालदहहून लोकल पकडून गेली. फाटकाशी दहा-बारा बायका वाट पाहत उभ्या होत्या.

"आर्किटेक्ट आपणच का?" एकीने विचारलं.

"नाही हो," मीनाक्षी म्हणाली. "आधी मला सांगा, पाणी येतं कुठून?"

बायकांनी एकाच वेळी चार दिशांना बोटं दाखवली आणि आपसातच भांडायला लागल्या. मीनाक्षीने चपला काढून हातात घेतल्या, साडी जरा वर खोचली आणि पायाखालचा उतार चाचपत ती चालू लागली. "तिकडे नाही, दीदी, इकडे!" म्हणत सगळा घोळका तिच्यामागे निघाला.