एक पिन खाली आहे

पडाव नावाच्या भागात, स्टेशनच्या अलीकडे संग्रामसिंहचं गाडी दुरुस्तीचं दुकान आहे. पणजोबा इथे, हिंदी मुलखात, मराठी पलटणीत घोडे सांभाळायचे, म्हणून नातेवाईक चिडवतात, घराण्याचा धंदा काही बदलला नाही बाबा, आधी घोडे, आता इंजिनं. तो हसून सोडून देतो. पण त्या दिवसांत त्याला हसू येत नव्हतं.

कारण शालिनीताईंची गाडी. ताई माधवगंज मोहल्ल्यातल्या, त्याच्या आईच्या मैत्रीण. त्यांचे यजमान गोविंदराव, दोन्ही किडन्या गेलेल्या, एक दिवसाआड दवाखान्यात मशीनवर रक्त साफ करायला न्यावं लागतं. मुलगा दूर देशी. ताई सत्तरीच्या, तरी गाडी स्वतःच चालवायच्या. तीच गाडी वाटेतल्या पुलाचा चढाव आला की दम सोडायची, काळा धूर ओकायची नि बंद पडायची. मागून हॉर्नवर हॉर्न, आत गोविंदराव पिवळे पडलेले.

संग्रामसिंहने गाडीतला बिघाड सांगणारं मशीन लावून पाहिलं. मशीन म्हणालं, हवेच्या प्रेशरची खबर बरोबर येत नाही. इंजिनात ओढल्या जाणाऱ्या हवेचा दाब सांगणारी एक इवलीशी डबी असते, तिला सेंसर म्हणतात. तिचं बोलणं पोचलं नाही तर इंजिन नुसत्या अंदाजाने पेट्रोल पितं.

वायरिंगचं काम शेजारचे मिश्राजी बघतात. आहेत हिंदी भाषेचे, पण संग्रामसिंहशी मराठीच बोलणार, प्रेमाने, अडखळत का होईना. त्यांनी सेंसरचा प्लग काढून पाहिला. लग्नाला जायची घाई होती. जाता जाता सांगितलं, "राव साहेब, एक पिन खाली आहे."

संग्रामसिंहने वाकून खालच्या पिनेला मीटर लावलं. पाच वोल्ट, एकदम बरोबर. म्हणजे तार ठीक, सेंसरच मेलं, असं त्याने धरलं. नवीन बसवलं, पुलावरून फिरवून आणलं, गाडी लोण्यासारखी चालली. ताईंना म्हणाला, आता डोळे मिटून भरोसा ठेवा.

ताईंनी ठेवला. आणि पुढच्याच खेपेला गाडी भर पुलावर बंद. ढकलायला माणसं मिळेपर्यंत दवाखान्यातली मशीनची वेळ टळली. गोविंदरावांच्या छातीत पाणी भरलं, श्वास घेता येईना, दवाखान्यात ठेवून घ्यावं लागलं. ताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

घरी घास उतरेना. बायको हेमांगी म्हणाली, "पोळीशी कशाला भांडताय? जाऊन गाडीशी भांडा."

सकाळी त्याने सेंसर बाहेर काढलं, तिथल्या तिथे दुसऱ्या तारा जोडल्या, नळीला हातपंप लावून हवा ओढली. जशी हवा ओढावी तसा मीटरचा आकडा उतरायला हवा. उतरला. मग जुनं, फेकायला ठेवलेलं सेंसर लावून पाहिलं. तेही तसंच उतरलं. मेलं काहीच नव्हतं.

मिश्राजींना बोलावून म्हणाला, तुम्ही खालची पिन म्हणालात, ती तर ठीक आहे.

"खालची कधी म्हणालो? खाली म्हणालो. खाली मतलब रिकामी, राव साहेब. उसमें तार ही नहीं है."

खरंच. वरच्या पिनेची तार प्लगमध्ये मागे सरकलेली. नवीन सेंसर बसवताना हलली, टेकली, म्हणून गाडी चालली. पुलावर झटका बसला नि सुटली. मिश्राजी हिंदीत बोलले असते तर संग्रामसिंह लगेच समजला असता. ते मराठीत बोलले, म्हणून ह्याने मराठीत ऐकलं. मिश्राजींचं तोंड एवढंसं झालं. म्हणाले, आता तुमच्याशी हिंदीच बोलेन. संग्रामसिंह म्हणाला, नको, पुन्हा विचारायचं काम माझं होतं.

तार पक्की बसवली, ओढून, हलवून पाहिली, खड्ड्यांच्या रस्त्याने गाडी पिदडली. मग माधवगंजला जाऊन त्याने ताईंना काही न लपवता सगळं सांगितलं. गोविंदराव घरी आले होते, आत झोपलेले. ताईंनी हळूच विचारलं, "म्हणजे ह्यांचा श्वास एका शब्दावर अडकला होता?"

पुढच्या खेपेला मी चालवतो, तो एवढंच म्हणाला.

त्याने चालवली. पुलावर गाडी सहज चढली, धूर नाही, झटका नाही. पण आरशात त्याला दिसत होतं, मागे ताईंचा एक हात यजमानांच्या हातात नि दुसरा दाराच्या मुठीवर. दवाखान्याच्या फाटकापर्यंत ती मूठ सुटली नाही.

उतरल्यावर ताई म्हणाल्या, "गाडी छान झाली, संग्राम. येताना मात्र आम्ही ऑटोने येऊ."

तो ‘जी’ म्हणाला. चावी पुढे केली. ताईंनी ती घेतली नाही, गोविंदरावांना धरून पायऱ्या चढू लागल्या.