‘घेतली’चं बटण

औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं बसवण्यात तिची एकोणीस वर्षं गेली. गोळीचं नाव केवढं, इशारा कुठे, घडी कुठे पडणार, हे ती डोळे मिटून सांगायची. मग कंपनीने ते काम बाहेर द्यायचं ठरवलं आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी ती घरी बसली. दोन महिने तिने कपाटं आवरली. तिसऱ्या महिन्यात आवरायला कपाटच उरलं नाही, तेव्हा भाचीने परस्पर तिचा अर्ज धाडून दिला.

जागा मुख्य डिझायनरची. कंपनी सात महिन्यांची, माणसं चार. म्हाताऱ्या माणसांना औषधाची आठवण करून देणारं ॲप ते बनवत होते.

“मुख्य म्हणजे कोणाची मुख्य?” नवऱ्याने विचारलं. “हाताखाली कोण आहे?”

“कोणी नाही.”

“मग सवय आहे तुला. घरीही तसंच.”

चष्म्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मुलाखत झाली. कंपनी काढणारा तरुण बोलायला लागला की श्वास घ्यायचा विसरायचा. त्याची भागीदार इंजिनिअर होती. ती बोलायची कमी आणि बघायची जास्त.

“आमचे ब्याण्णव टक्के लोक वेळेवर गोळी घेतात,” तो म्हणाला. “फक्त मुख्य स्क्रीन जरा जुनाट वाटते. चार दिवसांत नवी करून दाखवा.”

तिने दोनच दिवसांत केली, आणि खरोखर देखणी केली. मग फोन सासूबाईंच्या हातात दिला. सकाळी दहाला तो वाजला. सासूबाई वाटाणे सोलत होत्या. त्यांनी ‘घेतली’वर बोट टेकवलं आणि पुन्हा शेंग उचलली. गोळी डबीत जशीच्या तशी.

“आई, गोळी?”

“घेईन की. आधी याचं तोंड बंद केलं.”

तिला हसू आलं, आणि मग एकदम मावळलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या निवृत्त मास्तरांनीही तेच केलं. आवाज थांबवायला दुसरं बटणच नव्हतं. तिच्या नव्या स्क्रीननेही तीच चूक फक्त नटवून मांडली होती. तिने ती पुसून टाकली.

चौथ्या दिवशी तिने टेबलावर एकच कागद ठेवला. त्यावर दोन बटणं होती : एक ‘आवाज बंद’, दुसरं ‘घेतली’.

“एवढंच?” तरुण म्हणाला. “बाकीच्या उमेदवारांनी बारा-पंधरा स्क्रीन आणल्या.”

तिने घरी घडलेलं सांगितलं. त्याचे कान लाल झाले.

“दोन म्हाताऱ्या माणसांवरून आमचा आकडा खोटा ठरवता?”

“नाही. म्हणून तर विचारते. बटण कधी दाबलं, त्याची नोंद असेल ना?”

इंजिनिअरने लॅपटॉप ओढला. दहा मिनिटं ती नोंदी चाळत राहिली. मग ती म्हणाली, “निम्म्याहून जास्त लोक फोन वाजल्यापासून तीन सेकंदांत दाबतात.”

तीन सेकंदांत पाण्याचा पेलाही हाती लागत नाही, हे कोणालाच सांगावं लागलं नाही.

जिना उतरताना तिला वाटलं, नोकरी मिळेपर्यंत तोंड मिटून बसले असते तर काय बिघडलं असतं? पण चुकीचं छापलेलं खोकं तिने आजवर कधी पुढे जाऊ दिलं नव्हतं. आता ही खोड कुठली जायला!

तीन दिवस फोन आला नाही. चौथ्या दिवशी तरुणाचा आला. आज तो थांबत थांबत बोलत होता.

“ताई, ब्याण्णवचा आकडा एका गुंतवणूकदाराला सांगून बसलो होतो. काल फोन करून परत घेतला.”

“काय म्हणाले ते?”

“विचार करून कळवतो म्हणाले. म्हणजे नाहीच.” मग त्याने विचारलं, “तुम्ही कधीपासून येता?”

“सोमवारी येते. पण पहिला आठवडा मी ऑफिसात नसेन. दहा घरांत बसून बघायचंय.”

“मी येऊ बरोबर?”

“या. फक्त तिथे बोलायचं नाही.”

दोन बटणं आली आणि आकडा घसरून अठ्ठावन्नवर आला. ऑफिसात दोन दिवस कोणाला जेवण गोड लागेना. मग अक्षरं मोठी झाली, आवाज मऊ झाला, आणि गोळी घेतली नाही तर फोन अर्ध्या तासाने पुन्हा हळूच विचारू लागला. चार महिन्यांनी आकडा एकाहत्तरवर पोचला. नवा गुंतवणूकदार आला तेव्हा तरुणाने दोन्ही आकडे सांगितले, अठ्ठावन्न आधी. ती शेजारीच बसली होती. त्या दिवशी घरी जाताना ती जिना भराभर उतरली.