केरातला हार

माझ्या मामांनी जन्मभर दुसऱ्यांचे गळे सजवले आणि मामीचा गळा तेवढा मोकळा ठेवला. सोनाराची बायको, आणि घालते काचेच्या मण्यांची माळ! मामी हे येईल त्याला ऐकवते. त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं: "तुझा हार काढतोय गं. मनासारखा उतरला की घडवतो." काढतोय म्हणजे आधी कागदावर आणि पुढे लॅपटॉपमध्ये. मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं, "हात थरथरतो" म्हणून मामांनी दुकान बंद केलं, आणि हार राहिला तो राहिलाच.

माणूस मुलखाचा चौकस. डोळ्यातून काढलेलं भिंग बघायला मिळेल का, असं यांनी ऑपरेशनच्या टेबलावर डॉक्टरांना विचारलं होतं! अशा माणसाचा लॅपटॉप मंदावला. चालू करून चहा टाकावा, चहा पिऊन कप विसळावा, तरी पडद्यावर आपलं गोल गोल फिरतंय. नवा घ्या म्हटलं तर म्हणाले, "आधी आत काय आहे ते तर बघू."

ऑफिसातली मशिनं मीच बघते, त्यामुळे बोलावणं मला. मी दोन नव्या ड्राइव्ह नेल्या. एक च्युइंगगमच्या पट्टीएवढी, सिस्टिम टाकायला. दुसरी मोठी, मामांची डिझाइनं आणि दागिन्यांचे फोटो ठेवायला. मला वाटलं, तासाभराचं काम. कसला तास न् कसलं काय!

मामांनी दुकानातलं जुनं मेज झटकलं, डोळ्याला भिंग लावलं आणि स्वतःच्या चिमट्याने एकेक स्क्रू उचलून पांढऱ्या कागदावर मांडला, जिथला तिथे. मामी दारात भाजी निवडत बघत होती. झाकण निघाल्यावर प्रश्नांची सरबत्ती सुरू.

"जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते, आणि या नवीत काहीच फिरत नाही? मग ही लिहिते कशी?"

"मला नाही माहीत मामा. मला बसवता येते."

"माहीत नसताना बसवतेस?"

आम्ही दोन्ही ड्राइव्ह बसवल्या, पेनड्राइव्ह लावून कोरी सिस्टिम टाकली, आणि लॅपटॉप असा टुणकन उठला की मामांनी तो तीनदा बंद करून चालू करून पाहिला. मग जुनी डिस्क बाहेरच्या डबीत घालून केबलने जोडली. "त्यातलं दिसेल ते सगळं निवडा, नव्यात ओढा, नीट आलंय ना बघा, मग जुनी पुसून टाका," असं सांगून मी जेवायला गेले. मामांनी सगळं अगदी सांगितलं तसं केलं.

माझा घास हातातच होता, तेवढ्यात हाक आली. "अगं, केराच्या डब्यातलं कुठे गेलं?"

"कुठला केर?"

"हा काय, पडद्यावरचा डबा. रिकामा दिसतोय."

मला हसूच फुटलं. मामा हसले नाहीत. सोनाराच्या दुकानात केर टाकत नाहीत. जमिनीवरची धूळ, हात पुसायचं फडकं, सगळं जपून ठेवायचं. झारेकरी येतो, ते धुतो, गाळतो आणि त्यातून सोन्याचा कण न् कण काढून देतो. तेव्हा पडद्यावर केराचा डबा दिसल्यावर मामांनी काय करावं? जे जे अर्धवट, जे जे गिऱ्हाइकाला नापसंत, पण जपण्यासारखं, ते सगळं त्यात. मामीचा हारसुद्धा त्यातच. आणि तो डबा काही बाकीच्या फोल्डरांसारखा दिसत नाही, त्यामुळे तो नव्यात आलाच नाही.

"कचरापेटीत कुणी काही ठेवतं का, मामा!"

"आमच्यात सगळेच ठेवतात," मामा म्हणाले.

मामी उठली. भाजीची परात उचलून आत गेली. एरवी तिच्या टोमण्यांनी कान किटतात, पण त्या वेळी वाटलं, काहीतरी बोल गं बाई.

मामांनी डिस्कच्या डबीवरून हात फिरवला. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. "बरं, पुसलं म्हणजे नेमकं काय होतं?" त्यांनी विचारलं. "तबकडी खरवडून निघते?"

"नाही हो. माल तिथेच असतो. कुठे काय ठेवलंय तेवढं ती विसरते. वरून नवं काही लिहिलं, की मग जातं."

मामा ताठ बसले. "म्हणजे केर अजून जमिनीवरच आहे! मग झारेकरी बोलव की!"

"तेच सांगतेय, मला बोलू तर द्या!"

पुसलेलं शोधणारा एक प्रोग्राम मी नव्या ड्राइव्हवर टाकला आणि जुनीवर सोडला. तो दुपारभर चाळत बसला. एकेक चित्र वर येत होतं, नाव नाही, गाव नाही, पण मामा प्रत्येकाला ओळखत होते. "ही शाळेतल्या बाईंची कुडी. त्यांना जड वाटली." आणि मग हार आला. अर्धाच. डावी बाजू आणि अर्धं पदक लखलखीत, उरलेले तुकडे प्रोग्रामला सापडलेच नाहीत, तिथे नुसता राखाडी पट्टा. मी पुढचं चित्र उघडायला गेले. मामांनी मात्र मामीला हाक मारली.

"गेला ना अर्धा?" मामी म्हणाली.

"अगं वेडे, हाराची डावी बाजू आली की उजवी आलीच. दोन्ही सारख्याच."

मामी पदर हातात धरून पडद्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिने तो पहिल्यांदाच पाहिला होता. मग म्हणाली, "सुरेख आहे. उतरलाय की मनासारखा. आता कशाची वाट बघताय?"

"हात गं... थरथरतो."

"सकाळपासून तिळाएवढे स्क्रू उचलताय. एक तरी पडला? मी बघत होते."

आयुष्यात पहिल्यांदा मामांना प्रश्न सुचला नाही. त्यांनी चिमटा पुसून ठेवला आणि माझ्याकडे दोरा मागितला, मामीच्या गळ्याचं माप घ्यायला. इतकी वर्षं तो हार काढत होते, पण माप एकदाही घेतलं नव्हतं.