हिरव्या दोऱ्याची किल्ली

माझ्या फ्लॅटला दोन कुलपं आहेत, आणि ती लावून निघाले तरी माझा जीव दाराशीच राहतो. तेव्हा मला सोलापुरातली आमच्या गल्लीच्या तोंडाची पोलीस चौकी आठवते.

सत्तरच्या दशकात गावाला जाताना आमची अख्खी गल्ली घराची किल्ली त्या चौकीत ठेवून जायची. खरंच सांगते! हवालदारांच्या खुर्चीमागे भिंतीत खिळे होते. प्रत्येक किल्लीला चादरीच्या मागावरचा दोरा बांधलेला, घरागणिक वेगळ्या रंगाचा. आमचा हिरवा. हवालदार अक्कलकोटकडचे. आई त्यांना अण्णा म्हणायची आणि ते तिला कानडीत तंगी, म्हणजे धाकटी बहीण. आम्ही नसताना ते तुळशीला पाणी घालत. लोणचंही थोडं कमी झालेलं असे. आई म्हणायची, भावानं खाल्लं.

मग एकदा शेजारच्यांच्या बंद घरातून बोरमाळ गेली. कुलूप शाबूत होतं आणि किल्ली चौकीत होती. तोंडावर कुणी बोललं नाही, पण संध्याकाळपर्यंत गावाला गेलेल्यांच्या किल्ल्याही त्यांचे नातेवाईक घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही मावशीच्या लग्नाला निघालो. आईचे सगळे दागिने अंगावर मावणारे नव्हते. उरलेले घरातच होते. वडील म्हणाले, "किल्ली जवळच ठेव." आईनं ऐकलं नाही.

अण्णांनी हात पुढं केला नाही. "नको तंगी. काय झालं तर?"

"झालं तर माजं जाईल की. धरा किल्ली."

त्या मोकळ्या भिंतीवर त्यांनी आमची किल्ली अडकवली आणि बराच वेळ ते वळलेच नाहीत.

बोरमाळ शेजारच्यांच्याच जावयानं दुसऱ्या किल्लीनं नेली होती, हे पुढं कळलं. गल्ली खजील झाली. पण तोवर अण्णांची कुर्डुवाडीला बदली झाली होती. त्यांची माफी मागायची राहूनच गेली.

पुढच्या वर्षी माहेरी निघताना आई सवयीनं चौकीत शिरली. खुर्चीत नवे हवालदार होते. चांगले होते बिचारे.

"काय काम हाय, बाई?"

"काय न्हाय. सहज."

तिनं किल्ली पदराच्या टोकाला बांधली. एसटीत मी तिच्या शेजारी बसले होते. माहेर येईपर्यंत आई ती गाठ चाचपत होती.