उजव्या मनगटावरचं घड्याळ

अमेरिकेत, शॉमबर्गला, हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधारून यायचं. पार्किंग लॉटच्या कडेला सारलेला बर्फ काळा पडलेला असायचा आणि रविवार अंगावर यायचा. अशा रविवारी मी आमच्या ऑफिसातल्या एका सॉफ्टवेअर टेस्टरच्या घरी जायचो आणि त्याच्या बेसमेंटमध्ये बसून खुनाचे जुने इटालियन पिक्चर बघायचो.

हा टेस्टर पन्नाशीचा, एकटा, अंगाने जड. ऑफिसात त्याच्याबरोबर कोणी जेवायला बसत नसे. माझ्याबरोबरही फारसं कोणी बसत नसे. आम्ही दोघं एका टेबलाशी आलो ते तसेच. एकदा बोलता बोलता मी त्याला सांगितलं, की माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, सातवी शिकलेले, आणि मुक्कामी गाडी असली की डेपोच्या खोलीत स्वस्तातल्या रहस्यकथा वाचायचे. तो चमच्याने सूप ढवळत होता, तो थांबला.

"कव्हर पिवळं असायचं?"

"सगळ्या रंगांचं असायचं. का?"

मग त्याने सांगितलं, की इटलीत अशी स्वस्तातली खुनाची पुस्तकं पिवळ्या कव्हरात यायची, म्हणून त्यांना 'जियालो' म्हणजे पिवळं म्हणायला लागले, आणि पुढे तसल्या पिक्चरांनाही तेच नाव पडलं. शेवटी म्हणाला, "तुझे वडील आमच्यातलेच आहेत की. रविवारी ये."

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बार्शीहून निघून इंजिनिअर झालो, अमेरिकेत आलो, ते कुणाच्या ओळखीवर नाही. हे मी चारचौघांत सांगतो आणि मला त्यात संकोच वाटत नाही. पण अमेरिकेत कुणी माझ्या वडिलांना 'आमच्यातले' म्हटलं, असं पहिल्यांदाच झालं होतं. मी गेलो.

ते पिक्चर चांगले होते असं मी म्हणणार नाही. गोष्ट मध्येच कुठेतरी हरवायची. खुनी काळे चामड्याचे हातमोजे घालणार, अंगात रेनकोट, हातात वस्तरा. रक्त ऑइलपेंटसारखं. भिंतींवर डोळ्यांत खुपणारे कागद, गोल गोल जिने, आणि खून चालू असताना मागे कुणीतरी बाई अंगाईसारखं नुसतंच गुणगुणतेय. नट वेगवेगळ्या देशांचे, जो तो आपापल्या भाषेत बोलायचा, आणि सगळ्यांचे आवाज मागाहून भरलेले. त्यामुळे ओठ एक सांगायचे आणि आवाज दुसरंच. मला आधी हसू यायचं. टेस्टरला मात्र तेच आवडायचं. त्याच्याकडे एकेका पिक्चरच्या तीन-तीन प्रती होत्या, सेन्सॉरने कापलेली, न कापलेली, जपानहून मागवलेली. तो म्हणायचा, "खुनी कोण यासाठी हे कोणी बघत नाही रे. पहिल्या दहा मिनिटांत सगळं तुझ्यासमोर ठेवलेलं असतं. हिरो बघतो, तूही बघतोस. काहीतरी चुकलंय एवढंच कळतं, काय ते कळत नाही. पुढचा दीड तास ते तुला खात राहतं." आणि तो रिमोटने चित्र थांबवायचा. "बोल, काय खटकतंय?"

हिरो बहुतेक परका माणूस. कामासाठी इटलीत आलेला, भाषा अर्धवट येणारा. नको ते बघून बसतो. मग पोलीस अधिकारी त्याचा पासपोर्ट खणात टाकतो आणि म्हणतो, केस संपेपर्यंत शहर सोडायचं नाही. हे जवळजवळ दर पिक्चरात. माझं एच-वन व्हिसाचं एक्स्टेन्शन तेव्हा अडकलेलं होतं, पासपोर्टमधला व्हिसाचा स्टॅम्प संपलेला. तो सीन आला की टेस्टर माझ्याकडे बघून हसायचा, मीही हसायचो.

घरी आलो की माझा नागपूरचा रूममेट सोफ्यावर लोळत वाट बघत असायचा. "काय बे, आज किती मेल्या?"

"तीन."

"अन् मारलं कोणं?"

"डॉक्टरच्या बायकोने."

"काहून?"

"लहानपणी काहीतरी भयंकर पाहिलं होतं तिने."

"बस? एवढ्यासाठी? आमच्या मोहल्ल्यात तर मग कोणी जिताच नसता राह्यला, यार!"

त्या वर्षीच्या मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. मी गेलो नाही. वकील म्हणाला, बाहेर पडलात तर परत येण्याची खात्री नाही. वडीलही फोनवर म्हणाले, "अक्षता काय, तिकडूनच टाक. नोकरी सांभाळ." दिवाळीनंतर ओळखीच्या एका काकूंबरोबर लग्नाची सीडी आली. मी ती एकदा पळवत पळवत पाहिली आणि ठेवून दिली. आपण नसलेलं लग्न बघवत नाही.

टेस्टरला मात्र भारतीय लग्न बघायचं होतं. फार दिवस मागे लागला होता. एका रविवारी घेऊन गेलो.

तो बघत होता आणि मी नातेवाईक सांगत होतो. ही मामी, हा आत्येभाऊ, हे माझे वडील. व्याह्यांची गळाभेट चालली होती, स्क्रीनच्या चारी कोपऱ्यांतून गुलाबाची फुलं उडत होती. टेस्टरने सवयीने रिमोट दाबला. चित्र थांबलं. गंमत म्हणून विचारलं, "बोल, काय खटकतंय?"

आणि मला दिसलं. वडिलांचं घड्याळ उजव्या हातात होतं.

माझे वडील जन्मभर घड्याळ डाव्या हातात घालत आले, डायल मनगटाच्या आतल्या बाजूला. स्टिअरिंग धरल्या धरल्या वेळ दिसावी म्हणून. रिटायर झाल्यावरही तसंच. आंघोळीला जातानाच काय ते काढायचे. मी मागे घेऊन पुन्हा बघितलं. भर मे महिन्यात, बार्शीच्या उन्हात, अंगात फुल बाह्यांचा शर्ट, बटणं लावलेली. पुढे वरातीत माझा मामा त्यांना नाचायला ओढतो, डावा हात धरून. वडील तो हात असा झटकतात की मामा मागे सरतो. मग तो हात ते छातीशी धरतात, लेकरू धरावं तसा. आणि मागे उभी असलेली माझी बहीण, नवरी, वरात सोडून त्या हाताकडे बघतेय.

मी टेस्टरला सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. त्याने टीव्हीचा आवाज बंद केला.

"माझी आई तीन वर्षं डायलिसिसवर होती," तो म्हणाला. "याच घरात. हातातल्या शिरा जोडून ठेवतात, सुई घालायला. त्या हातावर काही घालत नाहीत, कुणाला धरूही देत नाहीत." मग म्हणाला, "माझं चुकतही असेल."

तिकडे उजाडेपर्यंत मी त्याच्याच सोफ्यावर बसून राहिलो. मग बहिणीला फोन लावला.

"बाबांना कधीपासून डायलिसिस आहे?"

"दादा, तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. सीडीत दिसलं."

"सीडीत? अरे, मी स्वतः त्या स्टुडिओत बसून कापून घेतली ती सीडी! बाबा मांडवाच्या मागे आडवे पडले होते, ते सगळं काढायला लावलं मी त्याला." आणि ती रडायला लागली.

लग्नाच्या आधीपासून आठवड्यातून दोनदा सोलापूरला नेत होते. सगळ्या गावाला माहीत होतं. आई मला वेबकॅमवर 'बरे आहेत, आत्ताच जेवून पडलेत' म्हणायची, तेव्हा ते दवाखान्यात असायचे. तिचे ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा. मी नेट स्लो आहे म्हणून चिडायचो.

मग घरी फोन लावला, बहिणीने आधीच कळवलं होतं. वडील फोनवर आले. "कशावरून ओळखलंस?"

"घड्याळावरून."

"हात्तिच्या." मग हसले. "तुझ्या आईला म्हणालो होतो, काढून ठेवतो म्हणून. ती म्हणाली, व्याह्यांसमोर मोकळा हात बरा दिसत नाही." आणि लगेच आवाज बदलून, "हे बघ, यायचं नाही. इथं मशीन आहे, डॉक्टर आहे. तू येऊन काय करणार? तिकडचं सुटलं तर परत धरता येणार नाही."

वकिलाचंही तेच मत होतं. रूममेट एरवी दर गोष्टीची थट्टा करायचा. या वेळी तो बॅगेत माझे कपडे भरत राहिला. कंपनीने बिनपगारी रजा दिली. मी गेलो.

परतीच्या व्हिसासाठी मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये गेलो. खिडकीतल्या बाईने पासपोर्ट ठेवून घेतला आणि एक रंगीत चिठ्ठी सरकवली. तपासणी चालू आहे, झाली की कळवू. किती दिवस, ते सांगता येणार नाही. मागच्या माणसाने मला खांद्याने बाजूला केलं. मला टेस्टरचं हसू आठवलं.

मग मी आणि वडील, आठवड्यातून दोनदा, बार्शी-सोलापूर एसटीने. ड्रायव्हर त्यांना ओळखायचे, पुढची सीट मोकळी ठेवायचे. गाडी खड्ड्यातून गेली की वडील पुटपुटायचे, "क्लच सोड, अरे सोड." दवाखान्यात चार तास ते मशीनला जोडलेले आणि मी शेजारी स्टुलावर. बोलायला काही नसायचं. आमच्यात बोलायची पद्धतही नव्हती. म्हणून मी त्यांना ते पिक्चर सांगायला लागलो.

त्यांना आवडले. हातमोजे, वस्तरा, गोल जिना, सगळं. शेजारच्या पलंगावरचे एक मास्तर कान देऊन ऐकायचे आणि खुनी नेहमी चुकीचा ओळखायचे. "नोकर असणार!"

"गप हो मास्तर," वडील म्हणायचे, "नोकर गरीब असतो, त्याला एवढा वेळ कुठला?"

पण खुनी कोण यात वडिलांना गोडी नव्हती. ते कळलं तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. एकदा गोष्ट संपली, खुनी जिन्यावरून पडून मेला, मी उठून पाण्याची बाटली शोधायला लागलो. तेव्हा ते म्हणाले, "आणि त्या परक्या माणसाचा पासपोर्ट?"

"त्याचं काय?"

"साहेबाने खणात ठेवला होता ना? मिळाला का परत?"

मला आठवेना. मग लक्षात आलं, की आठवायला काही नव्हतंच. खुनी सापडला की नावांच्या पाट्या सुरू व्हायच्या. तो पासपोर्ट कुठल्याही पिक्चरात कोणी परत दिलेला मी पाहिला नव्हता.

"मिळाला," मी म्हणालो. "शेवटी साहेब स्वतः आणून देतो. हात मिळवतो, आणि हा विमानाने जातो."

"मग ठीक." त्यांनी डोळे मिटले.

त्यानंतर दर गोष्टीच्या शेवटी ते तेवढंच विचारायचे. मीही दर वेळी साहेबाला आणून द्यायला लावायचो. कधी स्टेशनवर, कधी हॉटेलात. मास्तर म्हणायचे, "साहेब फार सज्जन दिसतोय." वडील डोळे मिटून घ्यायचे.

ते आषाढात गेले. दवाखान्यात जायच्या दिवशीच सकाळी, घरात, बूट घालायला बसले होते तेव्हा. घड्याळ उजव्या हातात होतं.

पासपोर्ट त्यानंतर आला, कुरिअरने. आईने सही करून घेतला. माझी डिग्री आली होती तेव्हा तिने ती आधी देवापुढे ठेवली होती, मग वडिलांच्या हातात दिली होती. हे पाकीट तिने न फोडता त्यांच्या फोटोपुढे ठेवलं आणि मला म्हणाली, "त्यांना सांग, मिळाला म्हणून."

त्यांना मी ते आधीच सांगून ठेवलं होतं.