गळ्याच्या आतला चारशे सतरा

शेरॉनचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होते. दुबईच्या इंटरनॅशनल सिटी वस्तीतून निघालेली बस सिग्नलला अडकली होती, ड्रायव्हर पुढच्या गाडीला "यल्ला, यल्ला", चल चल, करत होता, आणि शेरॉन म्हणाली, "सुनंदाताई, मम्मी गेली... चहा मागितला, आणि आणेपर्यंत गेली." मी म्हटलं, "अगं पण तिची सुट्टी तर रविवारी संपते." काय बोलले मी! लेक आई गेल्याचं सांगतेय आणि मला ड्युटीचा तक्ता आठवतोय. सहा आठवडे झाले, पण ते वाक्य शिवणीत राहिलेल्या टाचणीसारखं अजून टोचतंय.

शेरॉनची मम्मी म्हणजे आमची फिलूमावशी. कागदावर फिलोमिना, वसईची, सुट्टीला तिथेच घरी गेलेली. दुबईतल्या एका हॉटेलच्या युनिफॉर्म रूममध्ये ती बावीस वर्षं शिलाई मशीनवर बसली. त्यातली शेवटची नऊ वर्षं शेजारच्या मशीनवर मी. मी इचलकरंजीची, आठवीत शाळा सुटलेली. आल्या आल्या कुणी इंग्रजीत बोललं की माझे हात गार पडायचे. मला इंग्रजी वाचायला मावशीने शिकवलं, तेही कपड्यांच्या लेबलांवरून. 'डू नॉट ब्लीच', 'वॉश सेपरेटली'. "बोट ठेवून वाच गं बाय," म्हणायची, "चुकलीस तर शेफचा कोट गुलाबी होईल आणि तो तुलाच तळेल." मी हसायचे, आणि हसता हसता अक्षरं लागायची.

आमच्या खोलीचा एक नियम होता, ज्याची टीप त्याचा नंबर. कुठलाही कपडा दुरुस्त केला की गळ्याच्या आत आपल्या स्टाफ नंबराची पांढरी पट्टी शिवायची, म्हणजे शिवण उसवली तर कुणाला बोलवायचं ते कळतं. मावशी चारशे सतरा, मी पाचशे बत्तीस. धागा तोडला की हात आपोआप पट्टीकडे जायचा... तिथेच सगळा घोळ झाला.

आमच्या हॉटेलच्या लाउंजमध्ये तमारा नावाची मुलगी गायची. नाव बदललंय, आणि तिच्या देशाचंही लिहीत नाही. युरोपात देशादेशांची गाण्यांची ती मोठी स्पर्धा होते ना, तिथे एका वर्षी तिच्या छोट्याशा देशाने तिचं गाणं पाठवायचं ठरवलं. तिथल्या टीव्हीवाल्यांनी ड्रेस शिवून पाठवला तो छातीत घट्ट. दोन दिवसांवर विमान, त्यात ईदची सुट्टी, टेलरची दुकानं बंद. दोन्ही हातांवर तो निळा ड्रेस घेऊन ती आमच्या दारात उभी राहिली, तान्हं मूल घेऊन उभं राहावं तशी. बाहेरचं काम आमच्या खोलीत सक्त मना. नोकरी जाते, असं भिंतीवरच लिहिलेलं. त्या महिन्यात माझा व्हिसा रिन्यूअलला अडकलेला, घरी आईची औषधं माझ्यावर. मावशीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू जा, चहा पिऊन ये." म्हणजे यात पडू नकोस. मी गेले नाही. तसलं कापड मी कधी हातात घेतलं नव्हतं.

मावशीने टेप बाजूला ठेवली. "सिंग," ती तमाराला म्हणाली, "फुल सिंग." गाण्याच्या शेवटी एक लांबलचक सूर होता. तो घेताना बरगड्या फुलतात, आणि टीप सुटली तर तिथेच सुटणार. डॉक्टर नाडी धरतो तशी मावशी शिवणीवर बोटं ठेवून उभी, आणि तमारा पुन्हा पुन्हा तोच सूर गातेय. जे गाणं पुढे कितीतरी देशांनी ऐकलं ते आम्ही दोघींनी तोंडात टाचण्या धरून आधी ऐकलं. शब्द एक कळत नव्हता. अकराव्या-बाराव्या वेळी कुणीतरी त्या सुराला खालून सूर लावला. बघते तर मावशी! मुलगी असताना ती चर्चच्या गाण्यात असायची, लग्नानंतर सुटलं ते सुटलंच. तमारा थांबली. "यू सिंग!" मावशी एकदम लाजली. "नो नो. आय स्टिच."

मी विचारलं, "मावशी, त्या स्पर्धेत आपला देश असतो?"

"नसतो."

"मग आपण कुणाच्या बाजूने?"

"जिला टीप घातली तिच्या. वेडीच आहेस."

छाती मावशीने सैल केली, गळ्याचे हूक मी बसवले, शेवटची इस्त्री मावशीने केली, आणि ड्रेस गेला. घरी जाताना बसमध्ये मला आठवलं. हूक झाले, धागा तोडला, आणि मी पट्टी शिवली होती. माझा नंबर त्या ड्रेसच्या गळ्यात! दुसऱ्या दिवशी मावशीला सांगितलं तर ती बॉबिन भरता भरता म्हणाली, "गळ्यात कोण बघतंय? खलास. कामाला लाग."

स्पर्धा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मावशीने धाग्याच्या कोनांना टेकवून फोन उभा केला. पडद्यावर दिवे, धूर, नाचणारी माणसं. मी फक्त तमाराच्या मानेकडे बघत होते. आणि तिने केस वर बांधलेले! ती पाठमोरी झाली की मी फोनवर वाकायचे. तो लांब सूर आला तेव्हा मावशीने माझं मनगट घट्ट धरलं. टीप टिकली. पट्टीही दिसली नाही. त्यांचं गाणं खालून मोजलं तर लवकर सापडेल अशा नंबरावर आलं. मावशी म्हणाली, "हरू दे. उसवलं तर नाही."

आठवड्याभराने मावशीला ऑफिसात बोलावलं. परत येऊन म्हणाली, "सुट्टीचं विचारत होते." माझा व्हिसा झाला, मी पेढे वाटले, पहिला तिलाच भरवला. पुढच्या वर्षी सुपरवायझरची जागा रिकामी झाली. मावशीच होणार असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, पण माणूस बाहेरून आणला. मी चिडले. "तू बोलत का नाहीस? माझ्यासारखीच भित्री निघालीस!" ती म्हणाली, "मला मशीन बरी." असं म्हणाले मी तिला... भित्री.

ती गेल्यावर सामान वसईला पाठवायला तिचा ड्रॉवर आवरत होते. बिस्किटांचा जुना डबा, त्यात बॉबिन, बॉबिनखाली एक घडी केलेला कागद, आणि घडीत एक पांढरी पट्टी. पाचशे बत्तीस. कडेला काळ्या धाग्याचे तुकडे, त्या ड्रेसला मी घाईत निळा सोडून काळाच ओवला होता. कागद इंग्रजीत होता. तिने शिकवलं तसं बोट ठेवून वाचला. स्टाफ नंबर चारशे सतरा यांनी परवानगीशिवाय बाहेरचं काम केलं, फोटोत नंबर स्पष्ट दिसतो, ही ताकीद, यापुढे बढतीसाठी विचार होणार नाही.

मी तमाराला मेसेज केला. ती आता तिच्या देशात असते. तिचा रडतच फोन आला. 'ज्या हातांनी ड्रेस वाचवला त्यांना' असं लिहून तिने गळ्याच्या आतला फोटो इंटरनेटवर टाकला होता. मावशीने सांगितल्यावर तो काढून टाकला, पण तोवर इथे कुणीतरी बघितला होता.

म्हणजे इस्त्रीच्या वेळी मावशीने माझा नंबर उसवला. हे समजतं. पण मग स्वतःचा का शिवला? गळा रिकामा सोडता आला असता. तिचाही हात सवयीने गेला असेल? की कुणी पकडलंच तर शोधत माझ्यापर्यंत येऊ नये म्हणून? की तिला वाटलं, गाणं तर राहिलं, आपलं काहीतरी त्या स्टेजवर जाऊ दे? सकाळी एक खरं वाटतं, जेवणाच्या सुट्टीत दुसरं. तिने सांगितलंच असतं तर मी तिला तो शब्द बोलले नसते.

गेल्या आठवड्यात तो कागद घेऊन मॅनेजरकडे गेले. "सर, ये गलती मेरी थी." नवीन माणूस आहे. त्याने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "फोर वन सेवन? वो नंबर तो नई लडकी को दे दिया. फाइल क्लोज है." म्हणून इथे लिहितेय, कुठेतरी लिहिलेलं राहावं. चूक पाचशे बत्तीसची होती.

तमारा सांगत होती, तो ड्रेस त्यांच्या टीव्ही केंद्रात काचेच्या कपाटात ठेवलाय. पट्टी कुणी काढली नाही, समोरून दिसत नाही.

डबा मी वसईला पाठवला नाही, शेरॉनला विचारून ठेवून घेतला. धागा तोडला की हात अजून आपोआप पट्टीकडे जातो. मी त्याला थांबवते, डबा उघडते, पाचशे बत्तीस जागेवर आहे ना ते बघते... आणि मग नवी पट्टी कापते.