शेजारच्या कॉटवरची बाई

नवीन बाई येणार म्हटलं की व्यवस्थापक मलाच पुढं करायचे. जन्मभर शाळेत शिकवलेलं, तेव्हा बोलण्यात मी कमी पडणार नाही, असा त्यांचा समज. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नाशिकच्या त्या वृद्धाश्रमात मी आपणहून राहायला गेले होते. मागं कुणी नव्हतंच. त्यामुळे मुलं ज्यांना आणून सोडत, त्यांच्या रडण्याचा, खरं सांगते, मला थोडा कंटाळाच यायचा.

दिवाळीनंतर निफाडकडची एक म्हातारी माझ्या खोलीत आली. द्राक्षं उतरली की न्यायला येतो, असं सांगून मुलगा चहाही न घेता गेला. मी तिला कपाट दाखवलं, जेवणाच्या वेळा सांगितल्या. तिनं कॉटवरून हात फिरवला. "हितं आधी कोण व्हतं?"

होती माझी सोबतीण. महिन्यापूर्वी त्याच कॉटवर तिनं प्राण सोडला होता. पण पहिल्याच दिवशी हे कुणाला सांगायचं? "मुलगा येऊन घरी घेऊन गेला," म्हणून मी मोकळी झाले.

"मंग माझा बी नेईल," ती म्हणाली. चेहरा असा उजळला की मला माझंच कौतुक वाटलं.

द्राक्षं उतरली. मुलगा आला नाही. तिनं कपाटात एकही लुगडं ठेवलं नाही. एकदा मी चिडले, "अहो, लावा की कपडे." तर मलाच समजावू लागली, "बाई, तिला नेलं का नाय? कामं असत्यात, उशीर व्हतो." रोज संध्याकाळी विचारायची, कशात बसवून नेलं, सोबत कोण होतं. मी रिक्षा सांगितली, मग सूनही आणली. बाकीच्या बायकांनीही सांभाळून घेतलं. नव्या माणसापुढं मरणाचं बोलायचं नाही, ही आमची रीतच. लाज वाटायची, पण सांगता सांगता मलाच तो मुलगा आवडू लागला होता.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. वर्षश्राद्धाला आश्रमात गोड जेवण द्यायची पद्धत होती, आणि सोबतिणीचं वर्ष मी साफ विसरले. तिचा मुलगा खिरीचं पातेलं घेऊन आला. व्यवस्थापकांनी सगळ्यांना सांगितलं, यांची आई बाईंच्याच खोलीत राहायची.

म्हातारी लगबगीनं पुढं झाली. "बाबा, आईला घरी नेलंस, लय पुण्य केलंस. किती दिस व्हती मंग घरी?"

तो गोंधळला. "घरी नेता आलं नाही, आजी. ती इथंच गेली."

पंगतीत ती माझ्याच शेजारी बसली. आता तोंडसुख घेणार, असं मी धरून चालले होते. तिनं फक्त हळूच विचारलं, "बाई, हितनं कुनी घरी गेलंय का? येक तरी?"

मी आठवून पाहिलं. "नाही," म्हटलं.

त्या संध्याकाळी तिनं पुन्हा विचारलं असतं, तर मी रिक्षा, सून सगळं परत सांगितलं असतं. तिनं कधीच विचारलं नाही.